महानगरातील प्रवास आणि सुरक्षिततेची चिंता : एक मानसशास्त्रीय विवेचन

महानगरातील प्रत्येक प्रवास हा एका अर्थी विश्वासाचा व्यवहार असतो. गाडीचा चालक, सिग्नल देणारा कर्मचारी, शेजारी उभा असलेला अनोळखी इसम, जिन्यावरून मागून येणारा जमाव, या सर्वांवर प्रवासी क्षणोक्षणी विसंबून असतो. आणि त्यांपैकी बहुतेकांची नावेही त्याला ठाऊक नसतात. खेड्यात माणूस ओळखीच्या बळावर निर्धास्त असतो, महानगरात त्याला अनोळखीपणातच निर्धास्त व्हावे लागते. जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ साली महानगर आणि मनोजीवन यांच्या संबंधाविषयी जे विवेचन केले, त्यात नागर माणसाची अलिप्तता ही त्याच्या मनाने उभारलेली एक तटबंदी आहे असे प्रतिपादन होते. ही तटबंदी कधी कधी ढासळते. एखादी दुर्घटना, एखादा किळसवाणा अनुभव किंवा वृत्तपत्रातील एखादी वार्ता तेवढ्यास पुरेशी होते. मग कालपर्यंत अंगवळणी पडलेला प्रवास आज धोक्याचा वाटू लागतो. या अवस्थेचे स्वरूप, तिची कारणे आणि तिच्याशी जुळवून घेण्याचे मार्ग यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबईच्या उपनगरी रेल्वेची घेतली आहेत; आवश्यक तेथे अन्य महानगरांचा आधार घेतला आहे.

१. भीती आणि चिंता

प्रथमतः भीती आणि चिंता यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. भीतीचा विषय समोर उपस्थित असतो. चिंतेचा विषय संभाव्य असतो. फलाटावर तोल गेला असता जे वाटते ती भीती. उद्या सायंकाळच्या गर्दीत काय होईल या विचाराने रात्री झोप येत नाही ती चिंता. भीती प्रसंगाबरोबर ओसरते, चिंतेला मात्र कालमर्यादा नसते, कारण जे घडलेलेच नाही ते टळले असे मनाला कधीच ठामपणे म्हणता येत नाही.

या भेदाचा वैद्यकीय इतिहासही उद्बोधक आहे. बर्लिन येथील मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले की ज्यांना शहरातील मोकळे चौक किंवा निर्मनुष्य रस्ते ओलांडताना असह्य घबराट होत असे. आपली ही भीती निराधार आहे हे त्यांना स्वतःलाही पटत होते. सोबतीला कोणी असले तर त्यांची घबराट कमी होई. ही निरीक्षणे पुढे फार महत्त्वाची ठरली. केवळ बुद्धीला पटल्याने चिंता जात नाही, आणि सोबतीने तिला तात्पुरता उतार पडतो, या दोन गोष्टी त्यांतून प्रथमच नीट नोंदल्या गेल्या.

अर्थात्, महानगरातील सुरक्षिततेची प्रत्येक चिंता ही विकृती नव्हे. बहुसंख्य प्रवाशांची चिंता वास्तवाच्या आधारावर उभी असते. म्हणून पहिला प्रश्न असा की, वास्तवातील धोका आणि मनाला जाणवणारा धोका यांचे परस्परप्रमाण कसे असते?

२. धोक्याचे मोजमाप आणि धोक्याची जाणीव

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, सामान्य माणूस धोका मोजताना मृत्यूंची संख्या हा एकच निकष लावीत नाही. जो धोका एकाच वेळी अनेकांचा बळी घेतो, ज्यावर स्वतःचे नियंत्रण चालत नाही, आणि जो अपरिचित असतो, तो त्याला अधिक भयंकर वाटतो. तत्पूर्वी १९६९ साली चॉन्सी स्टार यांनी असे मत मांडले होते की, स्वेच्छेने पत्करलेला धोका समाज लादलेल्या धोक्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात चालवून घेतो. याला ॲमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन यांचा १९७३ चा सिद्धान्त जोडला पाहिजे. त्यांच्या मते, ज्या घटनेचे उदाहरण मनात चटकन उभे राहते ती घटना वारंवार घडणारी आहे असे माणूस गृहीत धरतो.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेला हे निकष लावून पाहिले असता एक विलक्षण विसंगती दिसून येते. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम मार्गावरील गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सुमारे अकरा मिनिटांच्या अवधीत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ही घटना शहराच्या स्मृतीत कायमची कोरली गेली. परंतु याच रेल्वेच्या हद्दीत रूळ ओलांडताना, चालत्या गाडीतून पडून आणि अन्य कारणांनी होणाऱ्या मृत्यूंची संख्या २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी प्रत्येकी दोन हजारांहून अधिक होती. हे मृत्यू एकेकटे, निरनिराळ्या ठिकाणी आणि रोज घडत असल्यामुळे त्यांची वार्ता होत नाही. आणि जिची वार्ता होत नाही ती गोष्ट मनात चटकन उभी राहत नाही. परिणामी, बेवारस पिशवी पाहून दचकणारा माणूस तोच दिवस संपण्यापूर्वी पादचारी पूल टाळून रूळ ओलांडतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

तथापि, यावरून प्रवासी अज्ञानी आहेत असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. रूळ ओलांडणे किंवा दारात उभे राहणे हा धोका 'स्वेच्छेने' पत्करलेला असतो असे म्हणताना त्या स्वेच्छेचीही तपासणी केली पाहिजे. ऐन गर्दीच्या वेळी डब्यातील दर चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असतात अशी नोंद आहे. अशा डब्यात आत शिरणे अशक्य झाल्यावर दारात लटकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर दोन गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडून किमान चार जण मरण पावले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसामुळे खोळंबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा अंत झाला. तेथे तर पुलाचा वापर करणारेच, म्हणजे नियम पाळणारेच, बळी पडले. तेव्हा जाणीव आणि वास्तव यांतील अंतर हे केवळ मनाच्या दोषातून उद्भवत नाही. माणूस ज्या धोक्यापुढे निरुपाय असतो त्याचा विचार मनाआड करून तो दिवस निभावतो, आणि ज्याची वार्ता त्याच्यावर आदळते त्याची चिंता वाहतो.

३. मोठ्या आघातानंतरचे वर्तन

मोठ्या आघातानंतर प्रवासी काय करतात याविषयी काही महत्त्वाची संशोधने उपलब्ध आहेत. लंडन शहरात ७ जुलै २००५ रोजी भुयारी रेल्वे व बस यांत झालेल्या स्फोटांत ५२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत झालेल्या दूरध्वनी-सर्वेक्षणात ३१ टक्के लंडनवासीयांनी तीव्र मानसिक ताण जाणवल्याचे सांगितले, आणि ३२ टक्के लोकांनी सार्वजनिक वाहनांनी किंवा मध्यवर्ती भागात कमी प्रवास करण्याचा इरादा व्यक्त केला. सात महिन्यांनंतर तीव्र ताण सांगणाऱ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवर आले. म्हणजे, कोणत्याही औपचारिक उपचाराविना बहुतेकांची चिंता निवळली. परंतु काहींच्या मनात ती घर करून राहिली.

चिंतेपोटी केलेला बदल नेहमीच सुरक्षित ठरतो असेही नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अनेकांनी विमानप्रवास टाळून मोटारीचा आश्रय घेतला. गेर्ड गिगेरेन्झर यांच्या गणनेनुसार, त्यानंतरच्या बारा महिन्यांत रस्त्यांवरील अपघातांत सुमारे १,५०० माणसे अधिक दगावली. याउलट, ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या उपनगरी गाड्यांत स्फोट झाल्यावर रेल्वेप्रवासात घट झाली खरी, पण ती अल्पकाळ टिकली, आणि मोटारींची वाहतूक वाढल्याचे आढळले नाही. भीतीचा परिणाम हा केवळ भीतीच्या तीव्रतेवर नव्हे, तर समाजातील प्रवासाच्या सवयींवर आणि उपलब्ध पर्यायांवरही अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

मुंबईत २००६ च्या स्फोटांनंतर दुसऱ्याच दिवशी गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या. या घटनेचे वर्णन शहराची जिद्द म्हणून वारंवार केले गेले. त्यात तथ्य नाही असे नाही. जखमींना हातांनी उचलून रुग्णालयात नेणारे शेजारच्या वस्त्यांतील रहिवासी हे त्या जिद्दीचे निर्विवाद प्रमाण होते. परंतु प्रवासी कामावर परतले यावरून त्यांच्या मनात चिंता उरली नव्हती असे अनुमान काढणे तर्कशुद्ध नव्हे. रोजच्या वेतनावर जगणाऱ्याला प्रवास टाळण्याची मुभाच नसते. वर्तन पूर्ववत् झाले म्हणजे मन पूर्ववत् झाले, हे समीकरण संशोधकाने सावधपणेच स्वीकारले पाहिजे.

४. चिंता टिकून का राहते?

ज्यांची चिंता ओसरत नाही त्यांच्या बाबतीत काय घडते? याचे एक उत्तर ओ. एच. मॉरर यांनी १९४७ साली मांडलेल्या द्विघटक सिद्धान्तात मिळते. प्रथम एखाद्या स्थळाशी वा प्रसंगाशी भय जोडले जाते. पुढे माणूस ते स्थळ टाळतो आणि टाळल्याबरोबर त्याला हायसे वाटते. हे हायसे वाटणे हेच टाळण्याचे पारितोषिक ठरते, आणि टाळण्याची सवय दृढ होते. ज्याने अपघातानंतर एका विशिष्ट पुलावरून जाणे सोडले, त्याला तो पूल निर्धोकपणे ओलांडता येतो हे शिकण्याची संधीच मिळत नाही. हळूहळू पुलामागून स्थानक, स्थानकामागून गर्दीची वेळ आणि अखेर घराबाहेरचे सर्वच जग वर्ज्य होऊ लागते.

याहून सूक्ष्म प्रकार पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ साली निदर्शनास आणला. काही माणसे प्रवास टाळीत नाहीत, परंतु तो अनेक अनावश्यक खबरदाऱ्यांच्या आधारे करतात. दर स्थानकाला घरी दूरध्वनी करणे, प्रत्येक प्रवाशाचा चेहरा न्याहाळणे, हातातील कडी सुटली तर अनर्थ होईल अशा समजुतीने ती घट्ट धरून बसणे, ही त्यांची उदाहरणे होत. अनर्थ घडला नाही की त्याचे श्रेय माणूस परिस्थितीला न देता त्या खबरदारीला देतो. 'मी सावध होतो म्हणून वाचलो' हा निष्कर्ष काढला गेल्यामुळे मूळ समजूत अबाधित राहते.

येथे एक कूट प्रश्न उपस्थित होतो. शहाणपणाची खबरदारी आणि चिंतेला खतपाणी घालणारी खबरदारी यांतील सीमारेषा कोठे आखावी? जोनाथन जॅक्सन आणि एमिली ग्रे यांच्या २०१० च्या लंडनमधील अभ्यासाने या प्रश्नावर उपयुक्त प्रकाश टाकला. गुन्ह्याविषयी चिंता बाळगणाऱ्यांपैकी सुमारे चतुर्थांश लोकांच्या बाबतीत चिंता ही एक प्रकारची समस्यापूर्तीच होती. ते खबरदारी घेत, त्यामुळे त्यांना सुरक्षित वाटे, आणि त्यांच्या जीवनाचा दर्जा त्यामुळे घटत नसे. यावरून तीन कसोट्या काढता येतात. खबरदारी प्रत्यक्ष धोक्याला लागू पडते काय? ती घेतल्यावर मन शांत होते, की आणखी एका खबरदारीची मागणी करते? आणि तिच्यापायी जगण्याचा परीघ आक्रसतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अनुकूल आणि तिसऱ्याचे नकारार्थी असेल, तर त्या चिंतेला विकार म्हणण्याचे प्रयोजन नाही.

५. स्त्रियांच्या प्रवासाचा प्रश्न

वरील तिसरी कसोटी स्त्रियांच्या बाबतीत लावली असता प्रश्न अधिक गंभीर होतो. केनेथ फेरारो यांनी १९९६ साली असे प्रतिपादन केले की, स्त्रियांच्या मनातील लैंगिक आक्रमणाचे भय हे अन्य सर्व गुन्ह्यांच्या भयावर सावलीसारखे पसरलेले असते. पाकीटमाराची भीतीही त्या सावलीतच वाढते. जिल व्हॅलेंटाइन यांनी १९८९ साली स्त्रियांच्या भयाचा भूगोल मांडला. कोणत्या वेळी कोणती जागा वर्ज्य, याचा एक नकाशा प्रत्येक स्त्रीच्या मनात असतो आणि तिच्या हालचाली त्या नकाशाने बांधलेल्या असतात, हे त्यातील मुख्य सूत्र होय.

या बंधनाची किंमत किती असते हे गिरिजा बोरकर यांच्या दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींविषयीच्या संशोधनातून पुढे आले. अधिक सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी विद्यार्थिनी गुणवत्तेच्या दृष्टीने कितीतरी खालच्या श्रेणीचे महाविद्यालय पत्करण्यास तयार असल्याचे त्यांना आढळले. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही तडजोड त्या प्रमाणात दिसली नाही. प्रवासाची चिंता येथे प्रवासापुरती राहत नाही. ती शिक्षणाची निवड करते, आणि शिक्षणाच्या द्वारे पुढील आयुष्याची.

मुंबईत स्त्रियांसाठी स्वतंत्र डबे आहेत, आणि १९९२ पासून पश्चिम रेल्वेवर संपूर्ण गाडीच स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची प्रथा सुरू झाली. या व्यवस्थेने असंख्य स्त्रियांना नोकरी शक्य केली, हे निःसंशय. तथापि, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील अभ्यासावर आधारलेल्या २०११ च्या ग्रंथात एक मूलगामी आक्षेप घेतला. सार्वजनिक जागेत वावरताना स्त्रीला आपला सहेतुकपणा सतत सिद्ध करावा लागतो. ती कामासाठी निघाली आहे असे दिसले तरच तिची उपस्थिती समर्थनीय ठरते. संरक्षणाची भाषा जितकी वाढते तितका तिचा हक्क संकोचतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मानसशास्त्रीय परिभाषेत सांगावयाचे तर, समाजाने सुचविलेली खबरदारी हीच कधी कधी सामूहिक टाळाटाळ ठरते. मुलीला 'सातच्या आत घरात' बोलावणाऱ्या कुटुंबाला हायसे वाटते. त्या हायसे वाटण्याने नियम दृढ होतो. आणि रात्रीचा फलाट स्त्रियांविना अधिकच असुरक्षित होत जातो.

६. निवारणाचे मार्ग

रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ साली तणावाशी सामना करण्याचे दोन प्रकार सांगितले. एकात मूळ समस्येवर इलाज केला जातो, दुसऱ्यात समस्येने उठलेल्या भावनेचे नियमन केले जाते. परिस्थिती बदलता येण्याजोगी असेल तेथे पहिला प्रकार श्रेयस्कर, नसेल तेथे दुसरा. प्रवासाच्या चिंतेत दोहोंची गरज पडते आणि त्यांची अदलाबदल झाली की घोटाळा होतो.

समस्येवरील इलाज प्रत्यक्ष धोक्यांच्या क्रमाने योजावा. रूळ न ओलांडणे, चालती गाडी न पकडणे, शक्य असेल तेथे गर्दीची वेळ अर्ध्या तासाने चुकविणे, पुलावर गर्दी थबकली असता मागे राहणे, आणि रेल्वेचा १३९ व सर्वसाधारण संकटकाळाचा ११२ हे क्रमांक ध्यानात ठेवणे, एवढ्या मोजक्या गोष्टी प्रत्यक्ष जोखीम कमी करतात. त्या सवयीच्या झाल्या की त्यांवर मन खर्च करण्याचे कारण उरत नाही.

भावनेच्या नियमनात पहिले स्थान क्रमाक्रमाने सामोरे जाण्याच्या पद्धतीला आहे. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली तिला पद्धतशीर रूप दिले. ज्याला आघातानंतर गाडीत बसवत नाही त्याने प्रथम केवळ फलाटावर काही वेळ थांबावे, नंतर दुपारच्या निवांत वेळी एका स्थानकापर्यंत जावे, पुढे सोबत्यासह गर्दीच्या वेळी आणि अखेर एकट्याने प्रवास करावा. प्रत्येक पायरीवर घबराट उतरेपर्यंत टिकून राहणे महत्त्वाचे. मध्येच पळ काढल्यास जुनाच धडा पुन्हा गिरविला जातो. मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ च्या विवेचनानुसार, या पद्धतीने जुने भय पुसले जात नाही. त्याच्या शेजारी नवे ज्ञान उभे राहते आणि ते जुन्याला आवर घालते. म्हणून कालांतराने एखाद्या दिवशी भय पुन्हा उसळले तर उपचार फसला असे समजू नये. चिंतेमुळे महाविद्यालय किंवा नोकरी सुटण्याची वेळ आली असेल, तर मात्र तज्ज्ञाचे साहाय्य घेणेच इष्ट होय.

तिसरा मार्ग सामाजिक आहे आणि मुंबईच्या प्रवाशांनी तो आपल्या बुद्धीनेच शोधून काढला आहे. ठराविक वेळेच्या गाडीच्या ठराविक डब्यात जमणारे गट, डब्यात टाळ वाजविणारी भजनी मंडळे, भाजी निवडता निवडता घरच्या गोष्टी बोलणाऱ्या स्त्रिया, हे सर्व अनोळखी गर्दीत ओळखीची बेटे निर्माण करतात. एखादा सोबती दोन दिवस दिसला नाही तर त्याची चौकशी होते. जेन जेकब्स यांनी १९६१ साली रस्त्यावरील डोळे हेच शहराचे खरे रखवालदार असल्याचे सांगितले. डब्यातील डोळ्यांनाही ते लागू पडते. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली वर्णिलेले सभ्य दुर्लक्ष, म्हणजे समोरच्याच्या अस्तित्वाची दखल घेऊन नजर बाजूला करणे, हे नागर सौजन्य आहे. पण कोणी संकटात असता ते सौजन्य सोडून देणे हेही नागर कर्तव्यच होय.

७. उपसंहार

सारांश, महानगरातील प्रवासाची चिंता ही वास्तव धोका, त्याची मनातील प्रतिमा आणि माणसाला उपलब्ध असलेले पर्याय या तिहींच्या संयोगातून निर्माण होते. प्रतिमा वास्तवाशी ताडून पाहता येते, आणि टाळाटाळीचे वर्तुळ क्रमाक्रमाने तोडता येते. एवढे कार्य व्यक्तीच्या आवाक्यातील आहे. परंतु अरुंद पूल, उघडी दारे, काळोखे जिने आणि रात्रीचे ओस फलाट यांवर कोणत्याही मनोनिग्रहाचा उपाय चालत नाही. ज्या धोक्याचे निवारण शासनाने व रेल्वेने करावयाचे, त्याच्याशी जुळवून घेण्याचे धडे प्रवाशाला देणे म्हणजे समस्येवरील इलाजाऐवजी भावनेचे नियमन पुढे करणे होय. मानसशास्त्राच्या अभ्यासकाने हा फरक दृष्टिआड होऊ देता कामा नये. प्रवाशाची चिंता हलकी करणे हे त्याचे काम आहेच. तथापि ती चिंता ज्या ठिकाणी खरी साक्ष देत असते, तेथे ती साक्ष नोंदवून ठेवणे, हेही त्याचेच काम आहे.